उतारशाळेतली आया

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी मिस्सेची वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माता सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि बोटाशी साडेचार वर्षांची मुलगी. मुलगी वेदीवरून काढून ठेवलेल्या फुलांशी खेळण्यात रमली आहे असे पाहून ती हळूच म्हणाली, "फादर, पापनिवेदन करायचे नाही. नुसते विचारायचे आहे." पापनिवेदन नव्हते म्हणूनच, आणि तिची अनुमती घेऊनच, तिचा प्रश्न येथे मांडतो आहे.

हकीकत अशी. नवऱ्याच्या चुलतभावाचे लग्न गोव्यात होते. एरवी अशा प्रसंगी सासूबाई बरोबर असत आणि मुलांची चिंता उरत नसे. या वेळी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वसईतच राहिल्या होत्या. सकाळचा लग्नविधी मुलांनी कसाबसा काढला. धाकट्याला प्रवासाने सर्दी झालेली. रात्रीचा स्वागतसमारंभ दुसऱ्या गावी, वाद्यवृंदासह, मध्यरात्रीपर्यंत चालणार होता. हॉटेलच्या स्वागतकक्षातील तरुणाने आपण होऊन सुचविले, "मॅडम, बेबीसिटर मिळेल. ताशी पाचशे रुपये, किमान तीन तास." तिने एका छापील कागदावर सही केली. मुलांना कोणते पदार्थ सोसत नाहीत ते त्या कागदात विचारले होते, आणि काही अनिष्ट घडल्यास हॉटेल जबाबदार राहणार नाही, असेही त्यात म्हटले होते. येणाऱ्या बाईविषयी त्यात एक ओळही नव्हती.

आठ वाजता बाई आली. सकाळी त्यांच्याच खोलीतील चादरी बदलून गेलेली ती बाई होती. आपली पाळी संपवून, गणवेश उतरवून, साधी साडी नेसून आली होती. सावंतवाडीकडची, पोटासाठी गोव्यात भाड्याच्या खोलीत राहणारी. मुले झोपेपर्यंत ती बाहेर व्हरांड्यात थांबली. मुलगी झोपेच्या काठावर असताना आईला म्हणाली, "तू कुठे जाणार नाहीस ना?" आई म्हणाली, "नाही गं, मी इथेच आहे. झोप." मुलगी झोपली आणि दोघे निघून गेली.

साडेबारा वाजता परत आली तेव्हा धाकटा झोपलेला होता आणि मुलगी त्या बाईच्या मांडीवर टक्क जागी होती. साडेनऊलाच ती उठली होती, तासभर रडली होती. आईला राग आला. "तुमच्याजवळ माझा नंबर होता. फोन का केला नाहीत?" बाई म्हणाली, "तुम्ही लग्नाला गेलात. जरा रडली, मग गप्प झाली. तुमचा आनंद कशाला मोडायचा?" मग पैशाचे पाकीट हाती देताना आईने सहज विचारले, "तुम्हाला मुले आहेत?" दोन होती. धाकट्याला त्या दिवशी ताप होता आणि त्याच्याजवळ शेजारीण बसली होती.

"फादर," ती मला म्हणाली, "तेव्हापासून मन खाते आहे. माझी चूक नेमकी कोणती? माझी मुले परक्या बाईजवळ ठेवली ही, की तिचे आजारी मूल शेजारणीजवळ असताना तिला माझ्यासाठी अडकवून ठेवले ही?"

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो ते लॅटिन संज्ञांच्या आधाराने. कृती, हेतू, परिस्थिती अशी तिची त्रिविध फोड करावी आणि निर्णय द्यावा, ही आमची रीत. पण तिच्या प्रश्नाला दोन टोके होती, आणि तिने ओघात सांगून टाकलेली तिसरी गोष्ट तिला प्रश्न वाटतच नव्हती. तिच्याकडे मी शेवटी येतो.

आधी पहिले टोक. परक्याच्या हाती मूल देणे हेच मुळात दोषास्पद आहे काय? संत थॉमस अक्वायनस एके ठिकाणी म्हणतात की, जाणतेपण येईपर्यंत मूल आईवडिलांच्या काळजीत असते ते जणू एका आत्मिक गर्भाशयात असल्यासारखे. मुलाला त्याच्या आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यापासून तोडू नये, या मुद्द्याच्या समर्थनार्थ ते ही उपमा देतात. उपमा सुंदर आहे, पण ती ताणली तर आई कधीच घराबाहेर पडू शकणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी काढलेल्या विस्तृत पत्रात मुलांना घडविण्याचा आईवडिलांचा हक्क दुसऱ्यावर पूर्णतः सोपविता येत नाही, असे म्हटले आहे. 'पूर्णतः' या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. थोडे, काही काळ, जाणीवपूर्वक सोपविणे हे मानवी जीवनाचे रोजचेच रूप आहे. आपण मुले शाळेत, शिकवणीला, आजोळी, वसतिगृहात पाठवितो. आणि वाचकहो, एका गोष्टीची मी नोंद घेतली. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आई आली. समारंभाला तिच्याबरोबर गेलेला बाप आला नाही, आणि 'बापाने मुलांना टाकून नाचायला का जावे?' असे त्याला कोणी विचारलेही नसेल.

सोपविण्याच्या कृत्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा आदर्श मला एका उतारशाळेतच सापडतो. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात आपण त्याला वाटेवर थांबवितो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतायला लावतो, जखमी माणसाला त्याच्या जनावरावर बसवितो आणि उतारशाळेच्या दाराशी त्याला सोडून देतो. पण कथा तेथे संपत नाही. ती रात्र तो स्वतः त्या जखमी माणसाजवळ काढतो. दुसऱ्या दिवशी त्याला जायचे असते, कारण त्याला काम आहे, वाट आहे, बहुधा घरही आहे. तो उतारशाळेच्या धन्याच्या हातावर दोन दिनार ठेवतो, याची काळजी घे म्हणून सांगतो, अधिक खर्च झाला तर परतताना देईन असे वचन देतो, आणि जातो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी आगाऊ दिली, आणि शिवाय हिशेब उघडा ठेवला.

शोमरोन्याने 'काळजी विकत घेतली' म्हणून आजवर कोणी त्याला दोष दिलेला नाही. प्रभूने तर त्यालाच शेजारधर्माचा नमुना ठरविले. पैसे मधे आले म्हणून करुणा विटाळली नाही. पण त्या उतारशाळेच्या धन्याविषयी कोणी प्रवचन केल्याचे मी ऐकलेले नाही. परक्या माणसाने आणलेला, अर्धमेला, जातीपातीचा पत्ता नसलेला मनुष्य त्याने ठेवून घेतला, एका अनोळखी प्रवाशाच्या शब्दावर पुढचा खर्च उधार मानला. ओरिजेनने उतारशाळेत ख्रिस्तसभेचे रूप पाहिले, संत ऑगस्टीनने तिच्या धन्यात संत पौलाचे. त्या बिचाऱ्याला मान मिळाला, पण उतारशाळेचा धनी राहून नव्हे! मोबदला घेऊन केलेली चांगली काळजी ही काळजीच असते, इतके साधे सत्य मान्य करायला आपल्याला एवढे जड का जावे?

त्या हॉटेलची मात्र मला कीव आली. ज्याने काळजी विकली त्याने त्याच कागदावर तिची जबाबदारी नाकारली. शुभवर्तमानातील धन्याने शोमरोन्याची सही घेतली असती तर कथा काय झाली असती, याचा विचार करून पाहावा.

मग विश्वासाचा प्रश्न येतो. ॲनेट बायर नावाच्या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वास या विषयावर एक निबंध लिहिला. विश्वास ठेवणे म्हणजे आपल्याला मोलाची असलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती अशा रीतीने देणे की, त्याने ठरविले तर तो तिला इजा करू शकेल. भिंतीवरच्या घड्याळावर आपण विसंबतो. ते बंद पडले तर आपली गैरसोय होते. माणसाने मात्र विश्वासघात केलेला असतो. त्याच निबंधात मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण आहे. तिने सद्भावनेने मुलांची खोली जांभळ्या रंगाने रंगवायला घेतली, तर हेतू कितीही चांगला असो, ती आपल्यावर टाकलेल्या विश्वासाची मर्यादा ओलांडते. कारण विश्वासाबरोबर काही निर्णय आपण न सांगताच दुसऱ्यावर सोपवितो, आणि ते कोणते व कुठवर, हे त्याने ओळखायचे असते.

आता सावंतवाडीच्या त्या बाईकडे पाहू. मूल तासभर रडत असताना आईला फोन न करणे तिच्या अधिकारात होते काय? आई म्हणते, नव्हते. मला मात्र निवाडा देववत नाही. आईने तिला एवढेच सांगितले होते, 'काही लागले तर फोन करा.' मूल रडणे हे 'काही' आहे की नाही? ज्या बाईने दोन मुले वाढविली तिच्या लेखी ते नसावे. सकाळी चादर बदलणाऱ्या बाईने रात्री पाहुण्यांना समारंभातून बोलावून घेण्याचे धाडस करावे, अशी त्या हॉटेलातील रीतही नसावी. तोंड उघडले तर नोकरीवर येईल, या भयातून आलेले मौन आणि अनुभवातून आलेली शांतता बाहेरून सारखीच दिसतात. काय अपेक्षित आहे हे दिवसाउजेडी, दहा मिनिटे समोरासमोर बसून सांगितले असते, मुलांना तिच्या कडेवर एकदा देऊन पाहिले असते, तर हा प्रश्न उरलाच नसता. शोमरोनी निदान एक रात्र तेथे राहिला होता. या दोघांनी त्या बाईला व्हरांड्यात उभे केले.

काही अपाय झाला नाही, मग एवढा ऊहापोह कशासाठी, असे कोणी म्हणेल. याच ठिकाणी माझे मन एका दूरच्या घटनेकडे वळते. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्राया दा लूझ या गावी ३ मे २००७ रोजी सुट्टीवर आलेले एक ब्रिटिश डॉक्टर दांपत्य आपल्या तीन मुलांना निवासात झोपवून, त्याच संकुलातील उपाहारगृहात मित्रांसह जेवायला गेले. अंतर हाकेचे. मंडळी आलटून पालटून मुलांना पाहून येत होती. रात्री दहाच्या सुमारास आई पाहायला गेली तेव्हा दोन वर्षांची जुळी झोपलेली होती आणि मॅडलीन ही थोरली मुलगी, जिला चार वर्षे पूर्ण व्हायला अवघे काही दिवस होते, अंथरुणात नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाही. तेथील पोलिसांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आईवडिलांनाच संशयित ठरविले आणि २००८ च्या जुलैमध्ये तो शिक्का काढून घेतला. जगाने मात्र काढला नाही. मुले सांभाळण्याची सायंकालीन सोय तेथे होती, तिचा लाभ त्यांनी का घेतला नाही, असे लोक आजही विचारतात. मी स्वतः त्या काळी एका प्रवचनात या प्रसंगाचा निष्काळजीपणाचे उदाहरण म्हणून उल्लेख केला होता. आज तो शब्द मी मागे घेतो.

कारण त्या रात्री युरोपातील किती तरी आईवडिलांनी तेच केले असेल, आणि सकाळी मुलांबरोबर न्याहारीही केली असेल. इंग्लंडमध्ये तर या प्रथेला संस्थेचे रूप होते. बिली बटलिन याने १९३६ साली स्केगनेस येथे कामगारवर्गासाठी सुट्टीची आपली पहिली छावणी उघडली. तशा छावण्यांतून आईवडील नाचगाण्याला जात आणि परिचारिका सायकलवरून खोल्यांमधून गस्त घालीत. एखादे बाळ रडताना ऐकू आले की सभागृहात खोलीचा क्रमांक झळके. पुढे हॉटेलांतून खोलीतील टेलिफोन उचलून ठेवायचा आणि स्वागतकक्षातील माणसाने त्यातून बाळाची चाहूल घ्यायची, अशीही सोय असे. थकलेल्या गिरणीकामगार आईला वर्षातून एक आठवडा नाचता यावे, यात त्या समाजाला काही गैर वाटत नव्हते.

अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांनी १९७६ साली नैतिक दैव या कल्पनेची चर्चा करताना असेच उदाहरण घेतले आहे. कोणी बाळाला टबात ठेवून, नळ सुरू ठेवून खाली जातो. आठवण होताच जिन्याने धावत वर येतो. बाळ बुडाले असेल तर त्याने भयंकर कृत्य केले, आणि सुखरूप असेल तर केवळ हयगय केली. कृती तीच आहे, आणि निवाडा जिन्याच्या वरच्या पायरीवर काय दिसते त्यावर ठरतो. देवाच्या न्यायाविषयी मी जे शिकलो त्यात परिणामाला नव्हे, अंतःकरणाला महत्त्व आहे. माणसाच्या न्यायाचे तसे नाही. आपल्या हिरकणीचेच पाहा. दूध विकायला रायगडावर गेलेली माता, दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ, म्हणून कडा उतरून गेली अशी आख्यायिका. आपण तिच्या नावाचा बुरूज अभिमानाने दाखवितो, आणि दाखविलाच पाहिजे. पण त्या सायंकाळी घरी बाळाचे काही बरेवाईट झाले असते तर? 'बाळ घरी टाकून गडावर कशाला गेलीस?' असे विचारणारे तेव्हाही भेटले असतेच.

म्हणून त्या मातेला मी सांगितले की, काही झाले नाही याने तू निर्दोष ठरत नाहीस, आणि काही झाले असते तरी तेवढ्याने दोषी ठरली नसतीस. दोष पाहायचा तर निघण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात पाहा.

आता दुसरे टोक, जे मला अधिक टोचते. आपल्या भाषेतील एका शब्दापाशी मी अनेक दिवस अडखळलो आहे. 'आया'. आई या शब्दाचे अनेकवचन 'आया', आणि पगार घेऊन मुले सांभाळणारी तीही 'आया'. दुसरा शब्द पोर्तुगीज 'आय्या' वरून आला. दोनशे वर्षे पोर्तुगिजांखाली काढलेल्या वसईत तो परका वाटण्याचे कारण नाही. दोन्ही शब्द योगायोगाने एका रूपात येऊन मिळाले, पण त्या योगायोगात एक सत्य दडून बसले आहे: आया बहुधा आईही असते. निर्गम ग्रंथात फारोची कन्या नदीत सापडलेल्या बाळासाठी दाई शोधते आणि जिला मजुरी ठरवून देते ती त्या बाळाची जन्मदात्रीच निघते. पगारी दाईच्या मांडीवर तिचेच मूल आहे, असा प्रसंग मोशेच्या आईनंतर फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. बाकीच्यांचे मूल दुसरीकडे कुठेतरी असते.

इंग्रज कुटुंबे मायदेशी जाताना बोटीवर मुले सांभाळायला येथून आया नेत. लंडनला पोचल्यावर काहींना परतीच्या भाड्याविना मोकळे केले जाई. अशा स्त्रियांसाठी लंडनच्या हॅकनी भागात एक आश्रयगृह होते. १९०० सालापासून ते तेथील किंग एडवर्ड्स रोडवर होते, आणि २०२२ साली त्या इमारतीवर स्मृतिफलक बसविण्यात आला. दुसऱ्याच्या मुलांना समुद्रापार सुखरूप नेऊन पोचविणारी बाई स्वतः मात्र परक्या नगरीत परतीची वाट पाहत बसे. आपली मुले तिने कोणाजवळ ठेवली होती, याची नोंद कोण करणार? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी २००० साली या प्रकाराला 'काळजीची साखळी' असे नाव दिले. श्रीमंत घरातील मुलाला सांभाळायला गरीब घरची आई येते, तिच्या मुलाला सांभाळायला तिच्याहून गरीब बाई किंवा तिची थोरली मुलगी, आणि साखळीच्या प्रत्येक कडीला काळजीचे मोल उतरत जाते. शेवटच्या कडीपाशी पैसा नसतोच. तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसलेल्या त्या शेजारणीला कोणी पाकीट दिले नव्हते.

माझ्यासमोर उभ्या असलेल्या मातेची ही बोच योग्य होती, आणि ती मी पुसून टाकली नाही. पण तिने काय करायला हवे होते? बाईला परत पाठविले असते तर रात्रीची मजुरी बुडाली असती. तापाच्या औषधाला ती लागणार होती. दुसऱ्याच्या गरजेतून आपली सोय होते तेव्हा सोय नाकारणे हा दरवेळी उपकार नसतो. विचारणे मात्र शक्य होते. तुझ्या घरी कोण आहे? जेवलीस का? रात्री साडेबाराला घरी कशी जाणार? ताशी पाचशेतले तुला किती मिळतात? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली न्याय्य वेतनाविषयी ख्रिस्तसभेची भूमिका मांडली, त्याला शतक लोटून गेले. पण ज्या हातात आपण स्वतःचे तान्हे बाळ देतो त्या हातात शेवटी किती रुपये पडतात, हे विचारण्याचा संकोच अजून गेलेला नाही. या चार प्रश्नांची उत्तरे आठ वाजताच कळली असती तर ती दोघे कदाचित दहाला परतली असती. समारंभात नवरा-नवरीचे तोंड पाहायला दोन तास पुरे होतात, हे मी लग्ने लावून लावून सांगू शकतो.

आता ती तिसरी गोष्ट. मी विचारले, "मुलगी उठल्यावर त्या बाईने तिला काय सांगितले?"

ती थोडी थांबली. "तिने खरे तेच सांगितले. तुझी आई लग्नाला गेली आहे, बारा वाजले की येईल. घड्याळात दोन्ही काटे वर आले की येईल, असे भिंतीवरचे घड्याळ दाखवून सांगितले. म्हणूनच ती झोपली नाही. काटे बघत बसली."

"आणि तू आल्यावर?"

"म्हणाली, तू इथेच आहे म्हणाली होतीस."

संत ऑगस्टीन असत्याच्या बाबतीत कठोर होते. कोणाच्या हितासाठी बोललेले खोटेही त्यांनी निर्दोष मानले नाही. सेमिनरीत असताना आम्हा तरुणांना ते अतिरेकी वाटे. मुलाला झोपविण्यासाठी बोललेले खोटे हे कसले पाप, असे आम्ही हसून म्हणत असू. पण त्याच ऑगस्टीननी विश्वासाच्या उपयुक्ततेवर लिहिताना दाखवून दिले आहे की, आपले आईबाप कोण हेदेखील आपण शब्दावर विश्वासूनच मानतो. तो विश्वास काढून घेतला तर मानवी समाजात काही उभे राहणार नाही. मोठ्या माणसाला शब्द पारखून घेण्याची सोय असते. तो विचारील, फोन करील, दार उघडून पाहील. साडेचार वर्षांच्या मुलीला एवढेच साधन असते की, आई म्हणाली. त्या रात्री एका खोलीत दोन स्त्रियांनी तिच्याशी बोलणे केले, आणि परक्या, पगारी, थकलेल्या स्त्रीचा शब्द खरा ठरला.

माझी आई वाडीतली भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. वसईच्या कित्येक घरांतून तेव्हा बाया टोपल्या घेऊन अशाच निघत. शेजारच्या आजी येऊन माझ्याजवळ निजत. आई निघण्यापूर्वी मला दर वेळी हलवून जागे करी आणि सांगे, "मी निघाले रे. दुपारी येते." मी रडत असे. आजी तिला रागावत, "पोर निजलेले असताना उठवतेस कशाला? गुपचूप जा की." आईने ते कधी ऐकले नाही. मला त्या उठविण्याचा मनस्वी राग येई. अंधारात तिच्या ओल्या लुगड्याला आणि कोथिंबिरीला येणारा वास अजून आठवतो. ती गेल्यावर मी पुष्कळदा रडलो, पण जाग आली आणि आई नाही म्हणून दचकलो असे एकदाही झाले नाही. तिने ऑगस्टीन वाचला नव्हता. तिला सही करता येत नव्हती.

हे सारे मी त्या मातेला सांगितले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, खरे सांगितले असते तर तिने मला जाऊच दिले नसते." मी म्हटले, "कदाचित. किंवा रडली असती आणि तू गेली असतीस. रडण्याला उत्तर देता येते." हे बोलणे सोपे होते, हे मला कळत होते. मला मुले नाहीत. रडणाऱ्या पोराची मिठी सोडवून मी कधी कुठे गेलेलो नाही.

तिने तोवर एक चांगली गोष्ट केली होती, ती सांगायची राहिली. परतल्यानंतर तिने हॉटेलात फोन करून त्या बाईचा नंबर मागितला. त्यांनी दिला नाही, आणि ते बरोबरच होते. तिने निरोप ठेवला. तीन दिवसांनी बाईचा फोन आला. मुलाचा ताप उतरला होता. पाचशेतले निम्म्याहून कमी तिच्या हाती पडले होते. तिने ते विचारल्यावर सांगितले, आपण होऊन नव्हे. फोन ठेवताना तिने विचारले, "मोठी काटे बघते का अजून?"

सॅक्रिस्टीतून निघताना मुलीने फुले टाकून आईचा हात धरला. "आता कुठे जायचे?"

आईने माझ्याकडे एकदा पाहिले, मग गुडघ्यावर बसून तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "तुला आजीकडे सोडणार आहे. मी आणि बाळ डॉक्टरांकडे जाणार. तुला नेणार नाही. एक वाजता येईन."

मुलीने तेथेच भोकाड पसरले. तिसऱ्या मिस्सेसाठी येणारी माणसे वळून वळून पाहू लागली.